पहिलीतला मुलगा, नवं शहर आणि ‘आपण घरी कधी जायचं?’

ताईंनी विचारलेलं थोडक्यात असं. नवऱ्याची बदली झाली म्हणून मे महिन्यात ते नागपूरहून पिंपरीला आले. मुलगा सहा वर्षांचा. नागपूरला आजी-आजोबा, काका-काकू, दोन चुलत भावंडं असं भरलेलं घर. इथे सातव्या मजल्यावर तिघंच. निघताना त्याने रडून गोंधळ घालू नये म्हणून ‘फिरायला चाललोय, मग येऊच आजीकडे’ असं सांगितलं होतं. जूनमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिली सुरू झाली. दीड महिना होत आला तरी रोज सकाळी पोट दुखतं, शाळेच्या गेटवर आईचा ओढणीचा पदर सुटत नाही, कधीचं बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. एकदा म्हणाला, मुलं हसतात. आणि रोज रात्री एकच प्रश्न: आपण घरी कधी जायचं? शेजारीण म्हणते नजर चुकवून निघून जा. सासूबाई म्हणतात महिनाभर आमच्याकडे पाठवून दे. नवरा म्हणतो लाड कमी कर. ‘मी ठाम राहू की त्याचं ऐकू?’ हा ताईंचा शेवटचा प्रश्न.

मी मुलांची समुपदेशक आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हे काम करायचं म्हणजे बदलीवर आलेली मुलं सतत भेटतात. कंपन्या, बँका, पोलीस, देहूरोडचं लष्कर; जूनपासून ऑगस्टपर्यंत माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त घरं हीच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या लिहिण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ओघात येऊन गेलंय. ‘फिरायला चाललोय.’ तुमचा मुलगा अजून फिरायलाच आलेला आहे. त्याच्या हिशोबाने ही सहल फार लांबलीये, आणि मधेच कुणीतरी त्याला दप्तर देऊन शाळेत बसवलंय. ज्या गावाहून दोन दिवसांत परत जायचं, तिथे कशाला कुणाशी मैत्री करायची? तो रोज रात्री ‘घरी कधी जायचं’ विचारतो तो हट्ट नाही, चौकशी आहे. आणि त्याला अजून कुणी खरं उत्तर दिलेलं नाही.

यात तुम्हाला दोष देण्यासारखं काही नाही. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. दवाखान्यात नेताना ‘डॉक्टर काका फक्त बघणार’, बाबा ऑफिसला निघाले की ‘चॉकलेट आणायला गेले’. वेळ मारून नेली जाते. लहानसहान गोष्टीत खपूनही जातं. पण गाव, घर, आजी आणि शाळा एका महिन्यात बदलल्यावर मुलाच्या हातात धरायला एकच गोष्ट उरते: आईबाबा जे सांगतात तसं होतं. तीच ढिली झाली की मग बाकी कुठलाही उपाय लागू पडत नाही. तुम्ही गेटवर ‘साडेबाराला येते’ म्हणता तेव्हा त्याने ते का मानावं?

तेव्हा सुरुवात इथून करा. एखाद्या रविवारी सकाळी, दोघंही घरात असताना, मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं असं काहीतरी हाताला काम असू द्या. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून ‘आता नीट ऐक हं’ म्हटलं की सहा वर्षांचं मूल आधीच घाबरतं. रात्री झोपताना हा विषय नको. आणि मग सांगा, साधारण असं: ‘तुला आम्ही म्हणालो होतो ना, फिरायला जातोय? ते खरं नव्हतं. बाबांचं ऑफिस आता इथे आहे, म्हणून आपण इथे राहायला आलोय. आजीचं घर नागपूरलाच आहे, तेही तुझंच आहे. तिथे आपण दिवाळीत जाणार, आणि मग परत इथे येणार.’

इतकंच. लांबण लावू नका. ‘इथे किती छान स्विमिंग पूल आहे’ वगैरे जोड लगेच देऊ नका. तो रडेल. बहुतेक खूप रडेल. हे रडू मे महिन्यातलं आहे, तेव्हा राहून गेलेलं. रडू द्या, जवळ बसा, आइस्क्रीमचं नाव काढू नका. त्यानंतर दोन-तीन दिवस तो चिडका होईल आणि तुम्हाला वाटेल, हे सांगून आपण उलट बिघडवून ठेवलं. तसं नसतं.

एक प्रश्न तो विचारेल किंवा विचारणार नाही, पण त्याच्या मनात असण्याची शक्यता मोठी: ‘मी त्रास देतो म्हणून आजीने पाठवलं का?’ तीन ते सात वयाची मुलं जगातल्या बहुतेक घडामोडींचं कारण स्वतःत शोधतात. भावंडाशी भांडण झालं आणि त्याच आठवड्यात सामान बांधलं गेलं, तर त्यांच्या डोक्यात दोन्हीचा संबंध पक्का. म्हणून त्याने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: तू काही केलंस म्हणून आपण आलेलो नाही, बाबांच्या साहेबांनी सांगितलं म्हणून आलो.

दुसरी गोष्ट कालनिर्णयची. ‘दोन-अडीच महिन्यांनी’ याचा सहा वर्षांच्या मुलाला काही अर्थ लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर त्याच्या उंचीवर खाली लावा. दिवाळीला नागपूरला निघायच्या तारखेवर त्याच्याकडून आगगाडी काढून घ्या, आणि परत यायच्या तारखेवर दुसरी आगगाडी. दोन्ही हव्यात, बहुतेक घरं फक्त पहिली काढतात आणि मग नागपूरच्या स्टेशनवर तमाशा होतो. रोज रात्री एक चौकट खोडायची. ‘कधी जायचं’ला आता तुमच्याऐवजी भिंत उत्तर देईल. तिकिटं अजून काढली नसतील तर काढा आणि मगच तारीख सांगा.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून असतं, तेही सांगायला हवं, कारण मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. मुळात स्वभाव. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्याने १९५६ पासून शंभरावर मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. त्यांना शंभरातली सुमारे पंधरा मुलं अशी आढळली, जी कुठल्याही नव्या गोष्टीपासून आधी मागे सरतात, कडेला उभी राहून बघतात आणि आपल्या वेळेने आत शिरतात. ढकललं तर आणखी मागे जातात. तुमचा मुलगा बारशाला, लग्नात, नव्या पाहुण्यांसमोर पहिला अर्धा तास तुमच्या मागे लपणारा होता का? असेल तर ही त्याची घडणच तशी आहे, आणि त्याला इतर मुलांपेक्षा दुप्पट वेळ लागला तरी काही बिघडलेलं नाही. नागपूरला एकदम बिनधास्त, गल्लीभर हिंडणारा असेल आणि इथे येऊन असा झाला असेल, तर मी शाळेत काही घडतंय का, याकडे जास्त लक्ष देईन.

वयाचाही फरक पडतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला आई-बाबा आणि झोपायची पद्धत तीच राहिली की गाव बदललेलं फारसं बोचत नाही. नववी-दहावीतल्या मुलांना सगळ्यात जास्त जड जातं, कारण त्यांची माणसं म्हणजे मित्र. सहा हे मधलं वय: घर अजून सगळ्यात मोठं, पण शाळेत आपल्याला जमतंय की नाही हे कळायला लागलेलं.

पोटदुखीकडे येते, कारण घरातलं निम्मं भांडण तिच्यावरून चाललं असणार. बाबांचं म्हणणं असेल की रविवारी कशी दुखत नाही? नाटक आहे. बाबांचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. भीती वाटली की शरीर सावध होतं आणि आतड्यांची हालचाल बदलते. परीक्षेच्या सकाळी आपल्याला तीनदा संडासला जावं लागतं ते यामुळेच. मुलाचं पोट खरंच दुखतं. रविवारी दुखत नाही याचं कारण रविवारी भीती नाही. अर्थात एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. ताप, उलट्या, वजन उतरणं, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं यातलं काही असेल तर शाळेचं कारण धरून बसू नका. पाणी एकदम जास्त प्यायला लागला असेल किंवा लघवी करताना जळजळत असेल तर लघवीची आणि साखरेची तपासणी करतात, तीही करून घ्या.

हे सगळं ठीक निघालं की एक गोष्ट विचारा, जी पालक सहसा विचारत नाहीत: तो शाळेत संडास-बाथरूमला जातो का? नव्या शाळेत लहान मुलं चार-पाच तास लघवी दाबून धरतात. कारणं ऐकाल तर चकित व्हाल. दाराची कडी लागत नाही. घरी भारतीय पद्धतीचा होता, इथे कमोड आहे आणि पाय लोंबकळतात. फ्लशचा आवाज. मोठी मुलं दार वाजवतात. आणि इंग्रजी माध्यमात नव्याने आलेल्या मुलांचं नेहमीचं कारण म्हणजे मॅडमना विचारायचं कसं, हेच माहीत नसतं. एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘सगळे काहीतरी म्हणतात मग मॅडम जा म्हणतात, मला ते काहीतरी येत नाही.’ ते काहीतरी म्हणजे ‘मे आय गो टु टॉयलेट’ एवढंच होतं. ती पाणी प्यायचं सोडून देत होती, डबा तसाच आणत होती आणि घरी सगळ्यांना वाटत होतं जेवणाचे नखरे आहेत.

दाबून धरण्याने शौचाला खडा होतो, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, आणि मग रात्री अंथरूण ओलं. म्हणजे तुमच्या मुलाची पोटदुखी आणि अंथरूण या दोन्हीची काही मुळं बाथरूमच्या दाराशी निघू शकतात. सगळी नव्हे, पण ही सगळ्यात आधी दुरुस्त होणारी आहेत. वर्गशिक्षिकेला भेटून परवानगी घ्या आणि शाळा सुटल्यावर त्याला घेऊन ते बाथरूम बघून या. नळ सोडून बघा, कडी लावून बघा, फ्लश त्यालाच ओढू द्या. ते एक इंग्रजी वाक्य घरी खेळात पाठ करून घ्या. तुम्ही विद्यार्थी, तो मॅडम. मॅडमना सांगा की पहिले काही दिवस मधल्या सुट्टीआधी त्याला आपणहून विचारा. बहुतेक शिक्षिका हे आनंदाने करतात, पन्नास मुलांच्या वर्गातही, फक्त कुणी सांगितलेलं असावं लागतं. रात्रीचं म्हणाल तर गादीवर रबरी शीट घाला, झोपण्याआधी बाथरूमला न्या, सकाळी चादर बदलताना चेहरा साधा ठेवा, आणि हा विषय फोनवर कुणाला त्याच्यासमोर सांगू नका. नागपूरलाही नाही.

शेजारणीच्या सल्ल्याबद्दल. नजर चुकवून निघून गेलं की गेटवरचं रडणं कमी होतं, हे खरं. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण मूल गप्प झालं म्हणजे रुळलं असं नव्हे. हे नीट दाखवून दिलं ते जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी. १९५२ साली लंडनमध्ये त्यांनी रुग्णालयात आईवडिलांशिवाय राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण केलं. तेव्हा आईवडिलांना भेटायला फार थोडा वेळ मिळायचा आणि परिचारिकांचा समज असा, की दोन दिवस रडून मूल ‘शहाणं’ होतं. रॉबर्टसन यांच्या कामातून दिसलं की आधी आकांत, मग उदासी, आणि मग आई आली तरी तिच्याकडे न बघणारा कोरडेपणा. तो कोरडेपणा लोकांना शहाणपणा वाटत होता. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीनेच आईवडिलांना भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली, त्यामागे या कामाचा वाटा होता. तुमचा मुलगा दोन वर्षांचा नाही आणि शाळा म्हणजे रुग्णालय नाही, पण तत्त्व तेच. नजर चुकवून गेलेली आई पुन्हा कधीही नाहीशी होऊ शकते, म्हणून उद्या तो आणखी घट्ट धरणार.

उलट टोकही नको. वीस मिनिटं गेटवर समजूत काढत राहिलात तर त्याला दिसतं की आईलाही इथे काहीतरी धोका वाटतोय. निरोप छोटा आणि रोज तोच असावा. घरातून निघतानाच ठरवा: दप्तर पाठीला लावणार, एक मिठी, ‘साडेबाराला वॉचमन काकांच्या केबिनपाशी मी उभी’, हात हलवायचा, निघायचं. रडत असला तरी निघायचं, पण सांगून. आणि साडेबाराला त्या केबिनपाशी खरंच उभं राहायचं; पाच मिनिटं आधी गेलात तर उत्तम, पाच मिनिटं उशीर म्हणजे त्या दिवसापुरतं सगळं पाण्यात. रिक्षा किंवा व्हॅनवाल्या काकांकडे सध्या सोपवू नका. गेट बिनरडता जमायला लागलं की मग, आणि आधी एखाद-दोन दिवस तुम्ही मागून.

तुमच्या ‘ठाम राहू की ऐकू’ला माझं उत्तर असं, की शाळेत जायचं यावर ठाम, आणि जाताना वाईट वाटतंय यावर ऐकायचं. ‘आज जायचंच आहे. तुला नको वाटतंय, ते कळतंय मला.’ ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलता येतात. पोट दुखतंय म्हणून घरी ठेवलेला एक दिवस दुसऱ्या दिवसाचं गेट दुप्पट अवघड करतो, कारण घरी राहिल्यावर लगेच बरं वाटतं आणि मेंदू ते टिपून ठेवतो. फारच त्रास असेल तर शाळेशी बोलून आठवडाभर अर्धा दिवस करा, पण रोज. आणि शाळेतून आल्यावर तो घरी आदळआपट करत असेल, बूट फेकत असेल, तर त्याला उलट चांगली खूण समजा. दिवसभर धरून ठेवलेलं तो जिथे सुरक्षित वाटतं तिथे सोडतोय. आल्या आल्या ‘आज काय शिकवलं, कोण मित्र झालं’ ही उलटतपासणी नको. पोह्यांची ताटली द्या आणि अर्धा तास त्याला त्याचं असू द्या.

सासूबाईंच्या सांगण्याला सध्या नाही म्हणावं लागेल. प्रेमाने म्हणा, कारण त्यांचंही घर रिकामं झालंय आणि त्या स्वतःचीच समजूत काढताहेत. महिनाभर तिकडे पाठवलं तर त्याला कळेल की पुरेसं पोट दुखलं की नागपूर मिळतं. शिवाय परत आल्यावर हा सगळा दीड महिना पुन्हा पहिल्यापासून. पण आजी तोडायचीही नाही. व्हिडिओ कॉलची वेळ बदला: झोपण्यापूर्वी नको, शाळेपूर्वी तर नकोच, संध्याकाळी खेळून आल्यावर. आणि सासूबाईंना एक विनंती करा की ‘माझं बाळ कसं राहतंय गं तिकडे’ हे कॅमेऱ्यासमोर म्हणायचं नाही. त्यापेक्षा फोन टेकवून ठेवून त्यांनी भाजी निवडावी, आजोबांनी तुळशीला पाणी घालताना दाखवावं, रोज गोष्टीचा एक तुकडा सांगावा आणि उरलेली उद्यावर ठेवावी. रोजच्या साध्या गोष्टी दिसल्या की मुलाला खात्री पटते, आपण नसताना ते घर जागेवर आहे. त्याची तिथली सायकल कुणाला देऊन टाकली नाही ना? नसेल तर देऊ नका.

आजीच्या जुन्या साडीची गोधडी असेल तर कुरिअरने मागवा. मुलं अशा एखाद्या वस्तूला धरून अनोळखी जागी झोपतात, यावर डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. आपल्या आज्यांना ते न वाचताच माहीत होतं. फक्त आली की लगेच धुऊ नका. वासासाठीच तर मागवायची.

‘मुलं हसतात’ हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला ते खटकलं. नागपूरचा मुलगा मधल्या सुट्टीत ‘काय करून राहिला बे’ म्हणाला, शेंगदाण्यांना फल्ली आणि कोथिंबिरीला सांभार म्हणाला, की इकडची मुलं खिदळतात. त्यात दुष्टावा नसतो, पण इंग्रजी येत नाही आणि मराठीलाही हसतात म्हटल्यावर मुलाने तोंड उघडायचं कुठे? घरी त्याची बोली सुधारायला जाऊ नका. तुम्ही दोघं घरात जशी बोलता तशीच बोला. मॅडमच्या कानावर घाला. आणि पोरं हसली तर काय म्हणायचं, हे त्याच्याशी ठरवा: ‘आमच्या नागपूरला असंच म्हणतात.’ एवढं वाक्य ठसक्यात म्हणता आलं की पुष्कळ काम होतं.

याहून चांगली संधी लवकरच येतेय. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. इकडच्या सोसायटीतल्या मुलांनी लाकडी नंदी सजवून दारोदार नेणं पाहिलेलंच नसतं. त्याचा नंदी नागपूरला असेल तर गोधडीबरोबर मागवून घ्या. तुमच्या इमारतीत विदर्भातली एक-दोन घरं निघतीलच, त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे बोजारा, म्हणजे नंदी घेऊन दारी आलेल्या मुलांना देतात तो खाऊ-पैसे, मिळेल. खालची दोन-तीन मुलं बोलवा, पुठ्ठ्याचे बैल करा, झूल रंगवा. नव्या मुलाला कायम दुसऱ्यांच्या खेळात जागा मागावी लागते; एक दिवस त्याच्या खेळात बाकीच्यांना शिरू दे. मैत्री करून देण्यासाठी मोठी पार्टी ठेवू नका. एक मूल, एक तास, तुमच्या घरी, हे हळू खुलणाऱ्या मुलाला झेपतं.

दरम्यान बाकी काहीही नवं सुरू करू नका. नवीन घरात आलो म्हणून वेगळी खोली, वेगळा पलंग, कराटे, अबॅकस, सगळं याच जूनमध्ये घालायची आपल्याला घाई असते. नागपूरला तो तुमच्या शेजारी झोपत असेल तर दिवाळीपर्यंत तसाच झोपू दे. जेवणाची, झोपायची वेळ, रात्रीचं स्तोत्र किंवा गाणं, वरणभाताचा पहिला घास, जे तिकडे होतं ते तसंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी आधी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. शिकणं नवं, पण माती, माणसं आणि झाड ओळखीचं. आपल्याला अंगण उचलून पिंपरीला आणता येत नाही, पण एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवणं हातात असतं.

आणि तुम्ही? तुम्हीही घर सोडून आलात, तुमच्याबद्दल मात्र पत्रात एक ओळ नाही. दिवसभर सातव्या मजल्यावर एकट्या असाल, तर बारा वाजल्यापासून तुमचाही जीव गेटकडे लागलेला असणार आणि मुलाला तो लागलेला कळतो. त्याच्यासमोर ‘मलाही आजीची आठवण येते, मग मी फोन करते’ असं म्हणायला हरकत नाही. त्याच्या कुशीत रडू नका, एवढंच. गेटवर सोडायचं काम आठवड्यातून दोन दिवस बाबांना द्या. पुष्कळ मुलं बाबांबरोबर कमी रडतात, आणि बाबांनाही ते ‘नाटक’ जवळून बघायला मिळतं.

किती दिवस लागतील? खरं सांगितल्यानंतर तीन ते सहा आठवड्यांत सकाळ सोपी होताना मी बहुतेक घरांत पाहिलीये. सरळ रेषेत नाही. सोमवारी, आजारपणानंतर आणि दिवाळीहून परतल्यावर पुन्हा चार दिवस मागे जाईल. म्हणून दिवाळीला जा जरूर, पण शाळा उघडायच्या आदल्या रात्री परतू नका, दोन दिवस मधे ठेवा.

सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही, शाळेला जाणं पूर्ण बंद झालं, घरी बोलतो पण शाळेत एक शब्दही नाही, जेवण-झोप बिघडत चालली, किंवा मरणाच्या गोष्टी करू लागला, तर बालमानसतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा आहे, मराठीत बोलतात. आणि एक वेगळी खूण: भीती शाळेची न राहता एकाच माणसाची, एकाच जागेची किंवा व्हॅनची व्हायला लागली, तर रुळण्याचा प्रश्न बाजूला ठेवा आणि लगेच चौकशी करा, गरज पडली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

या आठवड्यात दोनच कामं करा, रविवारचं बोलणं आणि शाळेचं बाथरूम बघून येणं. तिथे काय निघालं ते इथेच लिहा. कडी, कमोड की मॅडम, त्यावर पुढचं सांगते.